कुणी ओरडलं नाही

सोडवलेले व्हॉल्यूम एकूण सदुसष्ट होते. त्यांतले एकेचाळीस पूर्ण रिकामे, म्हणजे कुणीतरी हौसेनं मागून घेतलेले आणि पुढे एक अक्षरही न लिहिलेले. अकरांच्या नावात ‘चाचणी’, ‘चाचणी-नवी’, ‘चाचणी-नवी-शेवटची’ असं काहीबाही होतं. नऊ नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावावर होते. पाच कुणाचे ते कळत होतं, पण ती पाचही माणसं कधी जिन्यात भेटली की ‘असेल बुवा, आठवत नाही’ असंच म्हणायची. उरला एक. त्याला नावच दिलेलं नव्हतं; नावाच्या जागी यंत्रानं आपणहून दिलेली अक्षरांची आणि आकड्यांची माळ तेवढी होती. आत काहीतरी होतं, पण तीन महिन्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता. तिनं सदुसष्ट ओळींवर पुसण्याच्या खुणा केल्या, यंत्रानं ‘नक्की का?’ असं विचारलं, तिनं नक्की म्हणून सांगितलं. ही पानगळीच्या आधीची गोष्ट. तेव्हा तिला त्यात काहीच वाटलं नव्हतं; उलट किती जागा मोकळी झाली ते बघून, ओटा पुसून झाल्यावर वाटतं तसं बरं वाटलं होतं.

विद्यापीठाचं संगणक केंद्र तळघरात होतं. वरच्या विभागांना सर्व्हर लागले की ते इथून मिळायचे. सर्व्हर म्हणजे खरी पेटी नव्हे. मोठ्या यंत्रांचा एक वाटा, जो आपण स्वतंत्र यंत्र असल्यासारखा वागतो. आणि व्हॉल्यूम म्हणजे त्या सर्व्हरला जोडायची डिस्क. तीही खरी नाही, पलीकडच्या थंड खोलीतल्या शेकडो डिस्कांवर विखुरलेले तुकडे, आणि सगळे मिळून एक डिस्क असल्याचं सोंग आणतात. हे व्हॉल्यूम सांभाळणं हे तिचं काम. जोडायचे, सोडवायचे, वाढवायचे. वाढवता यायचे, लहान मात्र करता यायचे नाहीत. एकदा दिलेली जागा परत आखडून घेण्याची सोयच त्यात नव्हती. सर्व्हर मोडला तरी त्याचा व्हॉल्यूम मागे राहायचा. बाबांना तिनं एकदा हे समजावलं होतं, “घर पाडलं, पण आतलं कपाट हवेत तसंच उभं, असं समजा.” बाबा जेवता जेवता थांबले होते. “मग त्या कपाटात काय आहे ते बघतेस का?” “दुसऱ्याचं कपाट उघडायचं नसतं, बाबा. नियम आहे तसा.” “मग ठेवायचं की मोडायचं हे कसं ठरवतेस?” त्यावर तिनं त्यांना ओरड्याची पद्धत सांगितली होती. आता आठवताना तिला नेमकं तेच आठवलं, की बाबांना ती पद्धत माहीत होती. पहिल्यापासून माहीत होती.

ओरडा तिला शिकवला आजोबानं. आजोबा चाळिशीचासुद्धा नव्हता, पण तळघरात सगळ्यांत जुना तो, म्हणून आजोबा. ती नवीन असताना प्रत्येक पडून राहिलेल्या व्हॉल्यूमच्या मालकाला अदबीनं पत्र लिहायची, आपल्याला हा हवा आहे का. उत्तर ठरलेलं असायचं, हवा आहे, राहू द्या. “ए बाई,” आजोबा म्हणाला होता, “विचारतेस कशाला? विचारलं की माणसाला सगळंच हवं असतं. तू न विचारता सोडव. सोडव आणि महिनाभर कानोसा घे. ज्याला खरंच हवा असेल तो ओरडत येईल. नाही ओरडला तर पुसून टाक.” त्यात तिला एक शास्त्रशुद्ध साधेपणा दिसला होता. माणूस काय म्हणतो ते मोजायचं नाही, काय करतो ते मोजायचं. पुसण्याआधी व्हॉल्यूमची एक छबी काढून ठेवायची, तिला स्नॅपशॉट म्हणायचे. तोही महिनाभर राहायचा आणि मग आपोआप जायचा. म्हणजे ओरडायला दोन महिने मिळायचे. दोन महिने पुष्कळ झाले, असं सगळ्यांचंच मत होतं.

आज सकाळी दार वाजलं तेव्हा ती आणि आजोबा दोघंही दचकली, कारण तळघराचं दार कुणी वाजवायचं नाही. जे काय मागणं असेल ते पडद्यावर यायचं. दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. बुटांना चिखल, कोटाच्या खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर आलेलं.

“ते ढगातलं सामान ठेवतात ते इथंच का?”

“इथंच,” आजोबा म्हणाला. “ढगाला वर जागा मिळाली नाही, म्हणून तळघरात ठेवलाय.”

बाई हसल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “माझी झाडं सापडत नाहीत.”

वनस्पती विभागातल्या झाडवाल्या बाई त्या. विद्यापीठाच्या मागं रान होतं, तिथल्या एकशे बारा झाडांचे घेर त्या दर वर्षी, पानं गळून गेली की, मोजत. नोकरीला लागल्यापासून मोजत आल्या होत्या. मोजून झालं की सर्व्हर उघडायचा, नवे आकडे भरायचे, मागच्यांशी ताडून बघायचे आणि बंद करायचा. काल उघडला, तर आत काही नाही. तिनं त्यांच्या सर्व्हरची नोंद काढली. त्याला पूर्वी जोडलेल्या व्हॉल्यूमच्या जागी ती अक्षरांची आणि आकड्यांची माळ होती. ती माळ तिला पाठ नव्हती, तरी ओळखू आली.

“पण तुम्ही ओरडला नाहीत,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“काय म्हणालीस?”

“म्हणजे, व्हॉल्यूम सोडवून ठेवला होता आम्ही. कुणाची तक्रार आली नाही. दोन महिने.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, एखाद्या विद्यार्थिनीनं अगदीच बाळबोध चूक करावी आणि कुठून सुरुवात करावी ते कळू नये तशा. “अगं पोरी,” त्या म्हणाल्या, “मी वर्षातून एकदाच ओरडते. झाड वर्षातून एकदाच मोजायचं असतं. मधे ते वाढत असतं. त्याला काय रोज हाका मारायच्या?”

आजोबानं जुन्या छब्यांचा ढीग उपसायला घेतला. स्नॅपशॉट गेला होता, जायचाच होता. पण एक दुसरा निघाला, दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा बाईंनी जास्त जागा मागितली होती आणि व्हॉल्यूम वाढवण्याआधी कुणीतरी खबरदारी म्हणून छबी काढून ठेवली होती, आणि मग विसरली होती. कुणाच्या तरी विसरण्यामुळं ती वाचली होती. म्हणजे शेवटची दोन वर्षं सोडून सगळं परत येणार होतं.

“आणि ती दोन वर्षं?” बाईंनी विचारलं.

तिनं पडदा वळवून छबीवरची तारीख बाईंना दाखवली.

“तशी ती झाडांच्या अंगात आहेत म्हणा,” बाई म्हणाल्या. मोजपट्टीचं टोक त्यांनी खिशात नीट आत ढकललं. “प्रत्येक वर्षाचं एक कडं असतं आत. पण ते वाचायचं तर झाड कापावं लागतं.” मग उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, “तू जेवलीस का गं? चेहरा कसा झालाय बघ. झाडंच गेलीत, माणूस नव्हे.”

छबीवरून नवा व्हॉल्यूम बनवला की तो लगेच तयार दिसतो. पूर्ण, अगदी जुन्या मापाचा. पण ते खरं नसतं. आतले तुकडे दूर कुठल्यातरी साठ्यात पडलेले असतात, आणि ज्या तुकड्याला पहिल्यांदा हात लागतो तो तेव्हा तिथून ओढून आणला जातो. हात लागेपर्यंत तो तिथं नसतोच. म्हणून पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा व्हॉल्यूम एकदा नुसता वाचून काढायचा, काही शोधायचं नाही, समजून घ्यायचं नाही, फक्त प्रत्येकाला शिवून पुढे जायचं. तिनं ते काम लावलं आणि पडद्यासमोर बसून राहिली. आकडा मुंगीच्या चालीनं सरकत होता. बसून राहायची काही गरज नव्हती. आजोबा जेवायला गेला, येताना तिच्यासाठी पाव-केळं घेऊन आला, ते तसंच राहिलं. वर्षातून एकदाच. तिच्या डोक्यात तेवढंच वाक्य फिरत होतं आणि ते झाडांबद्दल राहिलं नव्हतं.

आई गेली तेव्हा ती भाड्याची खोली सोडून बाबांकडे राहायला आली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आईचं सामान सगळीकडे होतं. गेलेल्या माणसाचं सामान जिवंत माणसापेक्षा जास्त जागा घेतं, हे तिला तेव्हा कळलं. तिचं टेबल ठेवायला जागा नव्हती. सुरुवातीला ती विचारायची, बाबा हे ठेवू की देऊन टाकू? बाबा ती वस्तू हातात घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे, जणू आत्ताच दुकानातून आणलीय आणि बरी निघेल की नाही ते पारखतायत, आणि शेवटी म्हणायचे, राहू दे. चष्म्याचं रिकामं घर, राहू दे. सुतळीचं भेंडोळं, राहू दे. एकदा तर संपलेली खोकल्याची बाटली, राहू दे. मग एक दिवस तिनं विचारणं थांबवलं. माळ्यावर एक खोकं ठेवलं. वस्तू काढायची, खोक्यात टाकायची, महिनाभर थांबायचं. बाबा ओरडले तर खोक्यातून काढून जागच्या जागी. नाही ओरडले तर गेली. बाबा एकदाही ओरडले नाहीत. महिन्यामागून महिने खोकं भरत आणि रिकामं होत गेलं, घर सुटसुटीत झालं, खिडकीखाली टेबल आलं. ऑफिसात तिनं हे हसत हसत सांगितलं होतं आणि आजोबा खूश होऊन म्हणाला होता, “वा! चेली गुरूच्या पुढं गेली.”

पडद्यावरचा आकडा सरकत होता. तिला स्टूल आठवलं. आठवलं म्हणजे आधी नुसता शब्द आला, मग अंगठ्याला लागलेली ठेच आली, मग हळूहळू, मागून कुणीतरी ढकलत आणल्यासारखं, सबंध स्टूल आलं. बुटकं, लाकडी, एका पायाला तारेचा वेढा. ते दारातल्या बोळात भिंतीशी असायचं आणि येता-जाता तिला लागायचं. स्टूल आईचं. आई ठेंगणी होती आणि बाबा उंच. आई त्यांना शिडी म्हणायची. “शिडी, जरा वरचा डबा दे.” शिडी घरी नसेल तर स्टूल. शाळेत असताना तिला मोजमापाचा गृहपाठ होता. घरातलं जे दिसेल ते तिनं टेपनं मोजलं होतं, माणसंसुद्धा. आई एकशे अठ्ठेचाळीस, स्टूल चोवीस. आईनं स्टुलावर चढून, कमरेवर हात ठेवून, बाबांच्या शेजारी उभं राहून दाखवलं होतं. डोक्याला डोकं बरोबर लागलं होतं. “बघ, मी अधिक स्टूल, झाले तुझे बाबा. लिही वहीत.” बाबा म्हणाले होते, “म्हणजे स्टूल वजा केलं की मी तुझी आई.” “स्वयंपाक करून दाखवा आधी,” आई म्हणाली होती. त्या स्टुलावर उभं राहूनच आईनं बोळात बाबांच्या दाढीचा आरसा लावला होता, बाबांच्या मापानं, आणि खाली उतरून त्यात बघत म्हणाली होती, “अगंबाई, मला तर नुसतं छत दिसतंय. बरंय, वय कळायला नको.”

ते स्टूल तिनं खोक्यात घातलं नव्हतं, बसलं नसतं. गॅलरीत जुन्या बादलीमागं ठेवलं होतं. महिना झाला. नेहमीसारखी शांतता. मग भंगारवाल्याला हाक मारली, त्यानं ते एका हातानं उचललं, दुसऱ्या हातात पंख्याचं पातं होतं. तारेचा वेढा उन्हात चमकला. हे सगळं तिला अगदी स्पष्ट दिसत होतं आणि आत्तापर्यंत ते कुठंच नव्हतं.

काम पुरं झालं तेव्हा उन्हं उतरली होती. एकशे बारा झाडं परत आली, दोन वर्षांनी लहान. तिनं बाईंना तसं कळवलं, नव्या व्हॉल्यूमला नाव दिलं, झाडं, आणि घरी निघाली. रस्त्यात नेहमीचे लोक होते. एक माणूस दुकानाची पाटी पुसत होता. बसथांब्यावर एक म्हातारी कुणाशी तरी फोनवर, “नाही गं, मला काही नको, काहीच नको,” असं म्हणत होती. तिला उगीचच थांबून त्या म्हातारीचा चेहरा बघावासा वाटला. म्हातारी हसत होती. नको म्हणताना माणसं हसतातच, त्यावरून काही ठरवता येत नाही.

बाबा खुर्चीत बसले होते. हल्ली ते खुर्चीतच असत, झोपतही कधीकधी तिथंच, उशी मानेशी घेऊन. पलंगापेक्षा बरं वाटतं म्हणाले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, बसून झोपायची सवय असेल, असं तिनं धरलं होतं. धरलं होतं. गेल्या वर्षभरात तिनं किती गोष्टी अशा नुसत्या धरल्या होत्या ते तिला एकदम समोर मांडल्यासारखं दिसू लागलं. वरच्या फळीवरचा चहाचा डबा खाली आला होता. टोपी वरच्या खुंटीवरून खालच्या खुंटीवर आली होती. सदरे लांब वाटत होते, आणि ती म्हणालीसुद्धा होती, धुऊन धुऊन ताणलेत. आणि दाढी. हनुवटीच्या खाली पांढऱ्या खुंटांचा एक पट्टा महिनोन्महिने राहून जात होता. तिनं तो रोज बघितला होता आणि रोज मनात म्हटलं होतं, वय झालं, हात फिरत नाही.

पिशवी खाली न ठेवताच ती बोळात आरशासमोर जाऊन उभी राहिली. आरशात तिला तिचा भांग तेवढा दिसला. आरशाची खालची कड कुठं आहे ते तिनं हातानं चाचपलं. ज्याला कपाळ दिसतं, नाक दिसतं आणि हनुवटी दिसत नाही, त्याचे डोळे कुठं असले पाहिजेत? हे शाळेतलं गणित होतं. तिनं ते सोडवलं नाही. तिला उत्तर नको होतं.

“चहा टाकू का?” आतून बाबांनी विचारलं.

“मी टाकते. बाबा, एक विचारू? आईच्या वस्तूंपैकी घरातून काय काय गेलं, तुम्हाला ठाऊक आहे?”

बाबांनी मान मागे टेकवली. मग छताकडे बघत, सगळे थांबे तोंडपाठ असलेल्या ड्रायव्हरसारखे एकेक सांगायला लागले. “चष्म्याचं घर. मग दुसरी उशी. सुतळी. निळा कप, कान तुटलेला. तिची छत्री. लोकरीच्या सुया, त्याबरोबर ते अर्धं विणलेलं. खोकल्याची बाटली, ती गेली ते बरं झालं. रेडिओ. मग मधे बरेच दिवस काही नाही. मग तिच्या चपला. मग स्टूल.” त्यांनी क्रम चुकवला नव्हता. तिला स्वतःलाही तो क्रम सांगता आला नसता.

“मग बोलला का नाहीत?”

“तुला जागा हवी होती ना.”

“म्हणून काय झालं! एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर. तुम्हाला माहीत होतं ना, मी महिनाभर थांबते. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“हो, सांगितलं होतंस. खरंच हवं असेल तो ओरडतो म्हणालीस.” बाबांनी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला. “मग मी दर वेळी विचार करायचो, हे ओरडण्याइतकं आहे का? आता उशी. उशीसाठी काय ओरडायचं, बाळ? छत्रीसाठी तरी काय? एकेक वस्तू घेतली तर कुठलीच ओरडण्याइतकी नसते.” मग म्हणाले, “स्टूल मात्र जरा जड गेलं.”

“का?”

“बूट.”

“बुटांचं काय?”

“त्यावर पाय ठेवून नाडी बांधायचो. आई गेल्यापासूनची सवय. आधी ती बांधून द्यायची, माझी पाठ धरायची ना, म्हणून. स्टुलावर बसायची आणि म्हणायची, आण पाय, महाराज. मग ती गेली तर स्टूल होतं.”

“आणि स्टूल गेल्यावर?”

“भिंतीला धरून. एका पायावर.” बाबा हसले. “जमायचं. एकदाच काय ते बसलो.”

“बसलात म्हणजे? पडलात?”

“पडलो नाही गं. बसलो. जरा जोरात बसलो, एवढंच. खाली फरशी होती.”

“कधी?”

“झाले की महिने. तू ऑफिसला गेली होतीस. उठायला थोडा वेळ लागला.”

“किती वेळ?”

“चहा टाकतेस ना?” ते म्हणाले.

तिनं चहा टाकला. पाणी उकळून वर आलं तरी ती बघत राहिली. त्या दिवशी आपण घरी आलो तेव्हा काय झालं होतं, ते ती शोधत होती. तो दिवस कुठला तेच माहीत नव्हतं, म्हणून तिनं सगळे दिवस पहिल्यापासून वाचायला घेतले, प्रत्येकाला शिवून पुढे. एका संध्याकाळी बाबा खुर्चीतून उठले नव्हते आणि ताट तिथंच द्यायला सांगितलं होतं. एका संध्याकाळी बूट दारातच होते, एकाची नाडी बांधलेली आणि एकाची सुटलेली, आणि तिनं ते उचलून कपाटात ठेवले होते. त्यानंतर बाबांनी ते बूट घातल्याचं तिला आठवेना. ते सपाता घालून खालच्या बाकापर्यंत जात, मग दारापर्यंत, मग खिडकीपर्यंत. तिनं म्हटलं होतं, थंडी आहे, बाहेर कशाला जाताय. आणि ते म्हणाले होते, तेच म्हणतो मी.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा घेतली. आजोबानं फोनवर विचारलं, “काय झालं?” तिनं सांगितलं, “बाबांना दाखवून आणते.” तो म्हणाला, “सावकाश ये. इथं कुणी ओरडत नाहीये,” आणि लगेच, “तसं नाही गं, म्हणजे तू तिकडचं बघ.” घरातून निघताना ती बोळात खाली बसली आणि म्हणाली, “आणा पाय.” बाबा संकोचले. भिंतीला हात लावून त्यांनी पाय पुढे केला. नाडी वाळून कडक झाली होती. तिनं दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या, घट्ट होतंय का विचारलं, बाबा नाही म्हणाले, आणि तिनं बोट घालून बघितलं तर होत होतं. तिनं सोडून पुन्हा बांधल्या.

डॉक्टर तिच्याच वयाच्या होत्या. एक्स-रेची फिल्म त्यांनी उजेडावर लावली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. मणके एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांसारखे होते, आणि मधले तीन, एका बाजूनं पाय दिल्यासारखे, चेपलेले.

“हे आत्ताचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “भरून आलंय, पण आहे तसंच भरून आलंय. हे आता परत उभं नाही करता येत. पुढचे सांभाळायचे.” मग बाबांकडे वळून, “आजोबा, तेव्हा पुष्कळ दुखलं असणार. कुणाला हाक नाही मारली?”

“तसं फार नव्हतं,” बाबा म्हणाले.

“शून्य ते दहात सांगायचं झालं तर?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, किती सांगितलेलं चालेल असं विचारल्यासारखं. “दोन,” ते म्हणाले.

“बाबा,” ती म्हणाली. “खरं सांगा.”

खोलीत थोडा वेळ शांतता होती. बाहेर कुणीतरी बाकडं सरकवलं. तिनं ती शांतता तशीच राहू दिली नाही. “बाबा, मी विचारतेय,” ती म्हणाली.

“नऊ,” बाबा म्हणाले. आणि घाईनं, “पहिले काही दिवस. मग आठ.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. “आधीची उंची माहीत आहे का यांची?”

“एकशे बहात्तर,” ती म्हणाली.

“नक्की? कुठं मोजली होती?”

“घरीच,” बाबा म्हणाले. “बायको अधिक स्टूल.”

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. कोपऱ्यात भिंतीला उंची मोजायची पट्टी होती. नर्सनं बाबांना बूट काढायला सांगितलं. ती पुन्हा खाली बसली आणि मघाशी बांधलेल्या नाड्या तिनं एकेक करून सोडल्या. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं. बाबा पट्टीला पाठ लावून उभे राहिले. टाचा मागे, नर्स म्हणाली, समोर बघा. बाबांनी श्वास आत घेतला, खांदे मागे नेले, हनुवटी किंचित वर उचलली, जेवढं होता येईल तेवढं ताठ. समोर ती उभी होती. श्वास रोखल्यामुळं त्यांचा चेहरा लालसर झाला होता आणि हनुवटीखालचा पांढरा पट्टा अगदी स्वच्छ दिसत होता. नर्सनं वरची आडवी फळी हळूहळू खाली आणली, डोक्याला टेकवली, वाकून बघितलं आणि मोठ्यानं वाचलं.

“एकशे सहासष्ट पूर्णांक चार.”